पहिला हंगाम, पहिली बोली : नवख्या खेळाडूच्या पारखेतील गैरसमज

व्यावसायिक संघ नवा खेळाडू घेतो तेव्हा त्याच्या हाती त्या खेळाडूचा भूतकाळ असतो आणि किंमत मात्र भविष्याची मोजावी लागते. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ही निवड ‘ड्राफ्ट’ने होते, म्हणजे संघ ठरावीक क्रमाने एकेक नवोदित उचलतात, भारतातील विमेन्स प्रीमियर लीगमध्ये, अर्थात डब्ल्यूपीएलमध्ये, ती लिलावाने होते. पद्धत वेगळी असली, तरी दुरून नेम साधणाऱ्या नव्या शूटरची आणि सलामीला येणाऱ्या नव्या फलंदाजाची पारख करताना प्रेक्षक, पत्रकार आणि कित्येकदा निवड समित्याही एकाच प्रकारे फसतात. हे फसणे कसे घडते ते तपासायला सांगलीला लागून असलेल्या माधवनगराइतके सोयीचे उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल, कारण तेथे वाढलेल्या स्मृती मानधना हिला राज्य संघ, भारतीय संघ, ऑस्ट्रेलियातील लीग आणि डब्ल्यूपीएल अशा चार पायऱ्यांवर नव्याने नवखे व्हावे लागले, आणि त्यांतील बहुतेक पायऱ्यांवर सर्वांत ठळक आकडाच सर्वांत कमी उपयोगाचा ठरला.

सर्वाधिक पसरलेला गैरसमज असा की, ऑक्टोबर 2013 मध्ये वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध 19 वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने 150 चेंडूंत नाबाद 224 धावा केल्या आणि त्या खेळीने तिच्यासाठी भारतीय संघाचे दार उघडले. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली हे खरे आहे. परंतु कालक्रम पाहिला तर बांगलादेशविरुद्ध तिचे आंतरराष्ट्रीय पदार्पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, द्विशतकाच्या सहा महिने आधी, होऊन गेले होते. त्याहीपूर्वी वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी 19 वर्षांखालील संघात तिची निवड झाली होती. म्हणजे पारखणाऱ्यांनी जे पाहिले ते वर्षानुवर्षे आपल्यापेक्षा मोठ्या मुलींपुढे टिकणारी फलंदाजी होती, आणि 224 हा आकडा त्या निर्णयावर मागाहून उमटलेला शिक्का होता. लोकांच्या स्मरणात मात्र शिक्काच राहतो.

कनिष्ठ गटातील प्रचंड धावसंख्येचा अर्थ लावताना समोर कोण होते हा प्रश्न आधी विचारावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या 14 वर्षांच्या इरा जाधवने 19 वर्षांखालील सामन्यात मेघालयविरुद्ध 157 चेंडूंत नाबाद 346 धावा काढल्या, मुंबईने 3 बाद 563 अशी मजल मारली आणि मेघालयाचा संघ 19 धावांत बाद झाला. या खेळीतून त्या मुलीची तग धरण्याची ताकद, धावांची भूक आणि थकल्यावरही फटका शाबूत ठेवण्याची सवय नक्कीच दिसते. ताशी 115 किलोमीटर वेगाने आत येणाऱ्या चेंडूपुढे तिचे पाय कसे हलतील याबद्दल मात्र ती जवळजवळ काहीच सांगत नाही. बास्केटबॉलमध्ये हाच प्रश्न अंतराच्या रूपाने येतो : अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष सामन्यांत तीन गुणांची रेषा बास्केटपासून सुमारे 6.75 मीटरवर आहे, तर एनबीएमध्ये ती बहुतांश भागात 7.24 मीटरवर आहे, आणि त्या जादा अर्ध्या मीटरवर हात उंचावून धावून येणारा बचावपटूही अधिक उंच व चपळ असतो.

मातीच्या गुणाबद्दलचा समज थोडक्यात निकाली काढता येतो. क्रिकेटपटू विजय हजारे 1915 मध्ये सांगलीत जन्मले, बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरही सांगलीचेच, तेव्हा या मातीतच काही असावे, असे अभिमानाने म्हटले जाते. पण मानधनाचा जन्म मुंबईचा आहे आणि ती दोन वर्षांची असताना कुटुंब माधवनगरला आले. मातीपेक्षा घर महत्त्वाचे होते : वडील जिल्हा पातळीवर खेळलेले, भाऊ क्रिकेटमध्ये रमलेला आणि सांगलीत अनंत तांबवेकरांसारखे प्रशिक्षक उपलब्ध. तिचे डावखुरेपणही जन्मजात मानले जाते, तेही बरोबर नाही. इतर सर्व कामे ती उजव्या हाताने करते आणि डावखुरी फलंदाजी ही वडिलांच्या आवडीतून लागलेली सवय आहे. ‘उपजत’ म्हणून ज्याची वाखाणणी होते त्यातील बराचसा भाग अशा घरगुती निर्णयांचा असतो.

खरी गुंतागुंत सुरू होते ती पहिल्या व्यावसायिक हंगामाच्या अर्थापाशी. 13 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबईत झालेल्या डब्ल्यूपीएलच्या पहिल्या लिलावात मानधनाचे नाव सर्वांत आधी पुकारले गेले, मुंबई इंडियन्सशी चढाओढ करून रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने तिला 3.40 कोटी रुपयांना घेतले, आणि त्या हंगामात तिने 8 डावांत मिळून 149 धावा केल्या. सरासरी 19 च्याही आत राहिली आणि ‘पैसे वाया गेले’ हा निवाडा स्पर्धा संपण्याआधीच झाला. या निवाड्यात संख्याशास्त्राची एक साधी बाब सुटते. फलंदाजाचे डाव एकसारखे नसतात. शून्य आणि ऐंशी यांच्यामध्ये ते इतके विखुरलेले असतात की, हा विखुरलेपणा साधारणपणे त्याच्या सरासरीएवढाच निघतो. एखाद्या फलंदाजाची खरी क्षमता डावाला 30 धावांची आहे असे धरले, तर 8 डावांच्या सरासरीत केवळ योगायोगाने 10 ते 11 धावांचा फरक पडणे हे नेहमीचे आहे, आणि ती सरासरी 19 च्या खाली जाणे सात-आठ हंगामांतून एकदा घडतेच. दरवर्षी लीगमध्ये दहा-बारा नामांकित फलंदाज खेळतात. त्यांपैकी एकदोघांच्या वाट्याला असा हंगाम क्षमतेत काहीही न बिघडता येणार, हे हिशेबानेच ठरलेले असते.

शूटरच्या बाबतीत हे गणित अधिक स्वच्छ मांडता येते, कारण प्रत्येक फेकीचे उत्तर आत किंवा बाहेर एवढेच असते. तीन गुणांच्या रेषेपलीकडून खरोखर 36 टक्के नेम साधणाऱ्या खेळाडूने हंगामात 200 प्रयत्न केले, तर शंभरातील पंचाण्णव वेळा त्याची टक्केवारी 29 ते 43 यांच्या दरम्यान पडेल. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये 29 टक्के म्हणजे ज्याला बचावपटू मोकळा सोडतात असा खेळाडू, आणि 43 टक्के म्हणजे लीगमधील अव्वल शूटर. एकाच हाताला एका वर्षी एक आणि पुढल्या वर्षी दुसरी पदवी मिळू शकते. याच न्यायाने 2024 च्या हंगामात मानधनाने 300 धावा केल्या व बंगळूरने विजेतेपद पटकावले, तेव्हा ‘ती सुधारली’ असा निष्कर्ष ज्यांनी काढला त्यांचा पुरावाही 10 सामन्यांचाच होता. टीकेला जो निकष लावायचा तो कौतुकालाही लावायला हवा, याचा क्रीडापानांवर सहसा विसर पडतो.

याचा अर्थ प्रत्येक अपयश नशिबाच्या खात्यावर टाकावे असा मात्र नाही, आणि अलीकडे सुशिक्षित चाहत्यांमध्ये बळावलेला गैरसमज हाच आहे. 2017 च्या विश्वचषकात मानधनाने डर्बीला इंग्लंडविरुद्ध 90 आणि टॉन्टनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 106 धावा केल्या. त्यानंतरच्या सात डावांत, लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यातील शून्य धरून, तिच्या एकूण 36 धावा झाल्या. सात डाव हा लहान नमुना आहे खरा, पण 30 च्या सरासरीच्या फलंदाजाने सात डावांत मिळून 36 धावा करणे हे निव्वळ योगायोगाने हजारातून एकदाही घडणे अवघड आहे. सर्वांत वाईट तुकडा मागाहून वेचून काढला आहे, एवढी सूट दिली तरी काहीतरी खरोखरच अडले होते असेच मानावे लागते. त्याच वर्षीच्या जानेवारीत गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यामुळे तिला त्या स्पर्धेपूर्वी सरावाचे सामने फारसे मिळाले नव्हते आणि पहिल्या दोन खेळींनंतर प्रतिस्पर्धी संघ तिच्यासाठी वेगळी तयारी करून उतरू लागले असणार. तथापि ‘खरे’ अपयश आणि ‘कायमचे’ अपयश या दोन गोष्टी आहेत. सात महिन्यांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीत लागोपाठच्या दोन एकदिवसीय सामन्यांत तिने 84 आणि 135 धावा केल्या.

लीग क्रिकेटमधला तिचा पहिलाच अनुभव या दृष्टीने अधिक बोलका आहे. 2016-17 मध्ये ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश लीगमध्ये करारबद्ध झालेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी ती एक होती, दुसरी हरमनप्रीत कौर. आणि ब्रिस्बेन हीटसाठी 12 डावांत 89 धावा करून, वर ती गुडघ्याची दुखापत घेऊन, ती परतली. एवढ्या पुराव्यावर निकाल लावला असता तर पुढील करार मिळण्याचे कारण नव्हते. पण 2018 मध्ये इंग्लंडमधील किया सुपर लीगमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून तिने 9 डावांत 421 धावा केल्या, त्याही दर शंभर चेंडूंना सुमारे 174 धावांच्या वेगाने. टॉन्टनसारख्या आखूड सीमारेषेच्या मैदानाचा हातभार वजा केला तरी ही झेप लहान नाही. वीस वर्षांच्या खेळाडूची क्षमता मोजताना ती मोजमाप चालू असतानाच बदलत असते, ही अडचण कोणत्याही सूत्राने पुरती सुटत नाही.

मग पाहावे काय? बास्केटबॉलमधील विश्लेषकांना एक उपयुक्त निदर्शक सापडला आहे तो फ्री थ्रोचा, म्हणजे नियमभंगानंतर बास्केटच्या फळीपासून 4.57 मीटरवरील रेषेवरून कोणी अडवत नसताना मिळणाऱ्या फेकीचा. महाविद्यालयातील तीन गुणांच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोची टक्केवारी व्यावसायिक खेळातील दूरच्या नेमाबद्दल पुष्कळदा अधिक विश्वसनीय अंदाज देते, कारण तेथे बचाव, घाई, सहकाऱ्याचा पास या सर्व गोष्टी बाजूला पडून मनगट आणि कोपर यांची पुन्हा पुन्हा तशीच होणारी हालचाल तेवढी उरते. क्रिकेटला असा शुद्ध प्रसंग लाभलेला नाही. नेट्समधली फलंदाजी त्याच्या जवळ जाते, परंतु तिची नोंद क्वचितच ठेवली जाते. म्हणून डावाऐवजी चेंडू हे एकक धरणे हा पुढचा उत्तम मार्ग ठरतो : 2023 च्या त्या 8 डावांत मानधना 130 हून थोडे अधिक चेंडू खेळली, आणि त्यांपैकी किती चेंडू तिने ठरवल्याप्रमाणे बॅटवर आले, किती कड घेऊन गेले, कोणत्या प्रकारच्या गोलंदाजीवर चुका एकवटल्या, हे पाहिले तर आठ आकड्यांऐवजी शंभरावर निरीक्षणे हाती येतात. बाद होण्याचे प्रकार विखुरलेले असतील तर थांबावे, एकाच जागी साचलेले असतील तर काळजी करावी, हा जिल्हा पातळीवरच्या जाणत्या प्रशिक्षकांचा ठोकताळा या हिशेबाशी चांगला जुळतो.

किंमत किंवा क्रमांक म्हणजे गुणवत्तेची मोजणी, हा समज शेवटी उरतो. 2009 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये स्टीफन करी सातव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या नेमाबद्दल शंका नव्हती, शंका होती ती सडपातळ शरीराबद्दल. 2015 मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस संघाने 52 व्या क्रमांकावर घेतले, तो ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय ठरला, आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. लिलावात तर बोलीवर खेळाडूखेरीज इतर अनेक गोष्टींचा भार असतो. मानधनाचे 3.40 कोटी हे संघाच्या 12 कोटींच्या एकूण रकमेपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक होते, आणि त्यांत सलामीची भारतीय फलंदाज, होणारी कर्णधार व जाहिरातींतला चेहरा या तिन्हींची किंमत मिसळलेली होती. उलट धारावीच्या सिमरन शेखचे उदाहरण घ्यावे. पहिल्या हंगामात ती यूपी वॉरियर्झकडून खेळली, धावा फारशा झाल्या नाहीत आणि संघातील जागा गेली. पण डिसेंबर 2024 मध्ये बंगळूरच्या छोट्या लिलावात गुजरात जायंट्सने 10 लाखांच्या मूळ किमतीवरून तिला 1.90 कोटींना घेतले. पावणेदोन वर्षांत तिचा खेळ एकोणीस पटींनी वाढला असे कोणीही म्हणणार नाही. त्या दुपारी रिकाम्या जागा थोड्या होत्या, मधल्या फळीत फटकेबाजी करणाऱ्या भारतीय मुली त्याहून थोड्या होत्या, आणि गुजरातकडे इतर संघांपेक्षा अधिक पैसा शिल्लक होता.