थंड सरोवरांतील मासे व वाहून गेलेलें खत

शेतांत घातलेलें खत पहिल्याच जोराच्या पावसानें ओढ्यास मिळालें म्हणजे आपण हळहळतों, तें गेलेल्या पैशाबद्दल. त्या खताचें पुढें काय होतें याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. युरोपांतील एका सरोवरांत ती झाली आहे, व तिची हकीकत शेतकरीवर्गानें समजून घेण्याजोगी आहे.

जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर कॉन्स्टन्स नांवाचें सरोवर आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५३६ चौरस किलोमीटर असून खोली कांहीं ठिकाणीं २५० मीटर भरते. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ मागें हटल्यावर या थंड पाण्यांत फेल्खेन नांवाचे रुपेरी मासे शिरले. प्रतिस्पर्धी थोडे, आणि खाद्य मात्र थराथरांत निराळें. यामुळें कांहीं हजार वर्षांत एका कुळाच्या चार शाखा झाल्या.

कोणत्या शाखेचें खाद्य कोणतें, हें कल्ला उघडून पाहिल्यास कळतें. कल्ल्याच्या कमानीस आंतील बाजूनें कंगव्याच्या दातांसारखे कांटे असतात. पाणी बाहेर जातें व खाद्य कांट्यांशीं अडतें. ब्लाउफेल्खेन हा मोकळ्या पाण्यांत तरंगणारे सूक्ष्म जीव खातो. त्याचे कांटे लांब व दाट, जणूं मैद्याची चाळणी. तळाशीं राहणारा किल्ख चिखलांतील अळ्या-किडे टिपीत असे. त्याचे कांटे थोडे व आंखूड. कांट्यांची संख्या बहुतांशीं आनुवंशिक असते. ज्या पिलाची चाळणी त्याच्या खाद्यास जुळे, तें पोसे व अंडीं घाली. न जुळे, तें मागें पडे.

परंतु केवळ निवडीनें वाण टिकत नाहीं, हें बियाणें राखणाऱ्यास सांगावयास नको. बाजरीचे दोन वाण शेजारीं एकाच वेळीं फुलले कीं भेसळ झालीच. माशांतहि तोच न्याय. किल्ख खोल तळाशीं अंडीं घाली, दुसरी एक शाखा किनाऱ्याच्या उथळ पाण्यांत, ब्लाउफेल्खेन मोकळ्या पाण्यांत. हें अंतर हेंच त्यांचें कुंपण होतें.

तें कुंपण स्फुरदानें मोडलें. १९५० च्या सुमारास दर घनमीटर पाण्यांत १० मिलिग्रॅमहून कमी असलेलें स्फुरद १९७९ च्या सुमारास ८० च्या वर गेलें. शहरांचा मैला व कपडे धुण्याच्या भुकट्या यांचा त्यांत मोठा वांटा होता. शेतांतून धुपून आलेलें खतहि होतेंच. प्रथम कोळ्यांस आनंदच झाला, कारण पाणी सकस झालें व मासळी वाढली. पण वाढलेलें शेवाळ मरून तळाशीं बसे, कुजे, आणि कुजतांना तेथील प्राणवायु खाऊन टाकी. खोल पाण्यांतील अंडीं गुदमरलीं. खालचे मासे वर आले व इतरांशीं संकर पावले. किल्ख १९७० नंतरच्या दशकांत नाहींसा झाला. इतर स्विस सरोवरांचाहि अभ्यास झाला असून तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. सरोवर जितकें अधिक सकस झालें, तितक्या त्यांतील शाखा कमी उरल्या, असें त्यांत आढळलें. ठून व ब्रिएन्झ हीं सरोवरें फारशीं बिघडलीं नाहींत. तेथें बहुतेक शाखा शाबूत आहेत.

पुढें मैलाशुद्धीचे कारखाने झाले, १९८६ सालीं स्वित्झर्लंडनें धुण्याच्या भुकटींत स्फुरद घालण्यास बंदी केली, आणि कॉन्स्टन्सचें पाणी पुनः पूर्वीसारखें निवळलें. आतां कोळ्यांची तक्रार उलट आहे कीं, मासे रोडावले. २०२४ सालापासून तेथें फेल्खेनची मासेमारी तीन वर्षांकरितां बंद करण्यांत आली. त्यांची अडचण खरी आहे. परंतु थोडें स्फुरद पुनः सोडावें, अशी जी मागणी मधून मधून होते, ती मला तरी मान्य होण्याजोगी दिसत नाहीं.

पूर्वीं धरलेल्या किल्खाचीं वाळलेलीं खवलीं संग्रहांत जपून ठेवलेलीं होतीं. तीं तपासून शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें आहे कीं, किल्खाच्या आनुवंशिक गुणांचे कांहीं अंश आजच्या इतर शाखांत मिसळून राहिले आहेत. खोल तळाचें तें खाद्य मात्र किल्खाप्रमाणें टिपणारा मासा त्या सरोवरांत उरलेला नाहीं.