घर बांधून देणं आणि घर बांधू देणं

या दोन गोष्टी एकच नव्हेत. फरक कुठे आहे, तो आज आपण बघू.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आपल्याला सामूहिक वनहक्कामुळे माहीत आहे. तो हक्क 2009 चा. त्याआधीची गोष्ट गोटुलची. गावाने रिवाजाप्रमाणे जंगलातलं लाकूड आणून गोटुल उभारलं, वनखात्याने ते पाडलं, गावाने पुन्हा उभारलं. वाद लाकडाचा दिसतो, पण होता तो ठरवायचं कोणी याचा.

आता शहरात या. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि तरीही फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मुभा दिली. (तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल जरूर वाचावा!) त्याच वर्षी मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी झाली, ‘स्पार्क’ या संस्थेबरोबर. पुढे भायखळ्याच्या बायका ‘महिला मिलन’ म्हणून जमल्या, थोडे थोडे पैसे साठवू लागल्या, आणि घराचा नमुना त्यांनी स्वतःच ठरवला. खोली एकच, पण चौदा फूट उंच, वर पोटमाळा. म्हणजे जमीन तेवढीच, झोपायला जागा जास्त. संडास मात्र घरात नको, सामाईक असू द्या, असं त्यांनी सांगितलं. शिकलेल्या माणसाला हे मागासलेपण वाटेल. पण लहानशा खोलीत संडास घातला तर उरतं काय? हा हिशेब रोज तिथे राहणाऱ्यालाच कळतो.

आपल्या चंद्रपुरात नझूलच्या जागेवरच्या वस्तीत गेलात, तर बोलणं आधी पट्ट्याचं निघतं, विटांचं नंतर. उद्या उठवतील अशी धास्ती असताना पक्की भिंत कोण घालणार?