कुलूप बदलण्याआधी बिजागरी बघा : दार-खिडकी दुरुस्तीचा धंदा आणि त्याचे दर



गेल्या बॅचमधल्या एका सुताराने मला सरळच विचारलं, "सर, दिवाळीपर्यंत फर्निचरची कामं असतात. पुढचे तीन-चार महिने हात रिकामे. काय करू?" मी त्याला म्हटलं, तू राहतोस त्या भागातल्या सोसायट्या मोज. जी इमारत दहा-बारा वर्षांची झाली, तिथे प्रत्येक घरात एक तरी दार घासतंय, एक खिडकी जड झालीय आणि एक किल्ली "जरा हलवून" फिरवावी लागतेय. एवढ्याशा कामाला कोणी येत नाही म्हणून लोक तसंच रेटतात. हा तुझा धंदा.

व्हिडिओत कामाची पद्धत दाखवली आहे. इथे जरा पैशांचं बोलू, कारण या धंद्यात माणूस दर कसा लावतो त्यावर तो दुरुस्ती कशी करतो ते ठरतं. हे मी स्वतः चूक करून शिकलोय.

प्रशिक्षण सुरू करण्याआधी पुण्यात माझं हार्डवेअरचं छोटं दुकान होतं. एक काका आले. "मेन डोअरचं कुलूप बिघडलंय, चांगलं दे." मी चांगल्यातलं मॉर्टिस लॉक दिलं, आमचा मिस्त्री जाऊन बसवून आला. कुलपाची जीभ चौकटीच्या पट्टीत नीट जात नव्हती, म्हणून त्याने कानशीने पट्टीचं भोक मोठं केलं. दार लागलं, काका खूश, मीही खूश. कुलपावर मार्जिन सुटलं होतं.

जुलैत फोन आला. काकू घरात एकट्या, काका बँकेत गेलेले आणि दार आतून उघडेना. पावसाने दार फुगलं होतं आणि जीभ पट्टीत आवळून बसली होती. गॅसवर कुकर होता, तो काकूंनी बंद केला एवढं नशीब. दोन तासांनी आम्ही कुलूप फोडून दार उघडलं. मग बघतो तर काय, वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसतेच गरगर फिरत होते. दार कुलपाच्या बाजूने खाली बसलं होतं. जुन्या कुलपाला काहीही झालेलं नव्हतं! दुरुस्ती होती वीस रुपयांच्या स्क्रूंची. काका मला एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी चहा केला. तो चहा मला अजून लक्षात आहे.

मी फसवलं होतं का? नाही. पण मी बिजागरी बघितलीच नाही, कारण बिजागरी बघायचे मला पैसे मिळत नव्हते. कुलूप विकायचे मिळत होते.

म्हणून आमच्या बॅचचा पहिला नियम : बघण्याचे पैसे वेगळे घ्यायचे. व्हिजिट चार्ज अडीचशे असेल तर फोनवरच सांगा. काम केलं तर तो मजुरीत वळता करा. माल बिलावर वेगळा लिहा, मजुरी वेगळी. मजुरी मालाच्या मार्जिनमध्ये लपवली की तुमचा हात आपोआप नव्या कुलपाकडे जातो.

आता बघायचं काय? आधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. मग दार लावून फिरवा. उघड्या दारात लोण्यासारखी फिरते आणि लावल्यावर अडते, याचा अर्थ कुलूप ठीक आहे, दार जागेवरून हललंय. ही चाचणी गिऱ्हाइकाच्या हातूनच करून घ्या. त्याला स्वतःला कळलं की पुढे पटवावं लागत नाही. मग दार अर्धं उघडून मुठीजवळ धरा आणि वर उचलून बघा. वरच्या बिजागरीपाशी हालचाल दिसली तर रोग सापडला. बसलेल्या दाराची वरची फट कुलपाच्या बाजूला वाढलेली दिसते आणि खालचा कोपरा फरशीला घासतो. जीभ नेमकी कुठे आपटते ते बघायला तिच्या टोकाला खडू लावा आणि दार हळूच लावा. पट्टीवर खूण उमटते.

लाकडी चौकट असेल तर स्क्रूचं मोठं झालेलं भोक सागाच्या बारीक खुंटीने आणि फेव्हिकॉलने भरा, सुकू द्या, नवीन बारीक भोक पाडा आणि दोन इंची स्क्रू मारा. घाईत काड्यापेटीच्या काड्या कोंबून तोच जुना स्क्रू परत आवळणारे मिस्त्री मी पुष्कळ बघितलेत. चार महिन्यांत तेच घर पुन्हा बोलावतं, आणि तेव्हा त्यांना बोलावत नाही. स्क्रू बिजागरीच्या धातूचाच घ्या. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारला की दमट हवेत स्क्रू आधी गंजतो. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ काम असेल तर स्टेनलेस स्टीलच, आणि त्यातही 316 मिळालं तर उत्तम. ग्रॅनाइटच्या चौकटीला मात्र हे लांब स्क्रूचं गणित लागू नाही. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

पावसाळ्यात गिऱ्हाईक म्हणेल, "रंधा मारून टाका एकदाचा." मारू नका. जुलैत रंधा मारलेलं दार जानेवारीत सुकून आक्रसतं आणि फटीतून गार वारा आत येतो. आधी बिजागऱ्या नीट करा, मग दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग लागलाय का ते हात फिरवून बघा. बहुतेक वेळा तिथे कोरं लाकूड असतं आणि पाणी तिथूनच शिरतं. रंध्यासाठी नोव्हेंबरची तारीख द्या. एक काम आज झालं, एक पुढे बुक झालं.

अडकणाऱ्या कुलपात घरोघरी खोबरेल तेल सोडलेलं असतं. त्यात धूळ चिकटते, आणि पुण्याच्या थंडीत ते तेल गोठतं. हिवाळ्यात बाटलीतलं गोठतं, तसंच कुलपातलंही. साफ करून ग्रॅफाइट पावडर वापरा. सिलिंडर बदलायचाच असेल तर नुसता "साठचा" असं लिहून नेऊ नका. मधल्या स्क्रूपासून आतलं टोक किती आणि बाहेरचं किती, दोन्ही मापं घ्या. 30-30 वेगळा, 25-35 वेगळा. बाहेर टोक जास्त पुढे आलं तर चोराला पकडायला जागा मिळते.

खिडक्यांचं थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी जड झाली की आधी ट्रॅक आणि पाणी जायची भोकं साफ करा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, असा माझा अनुभव. रोलर बदलायचा तर जुना रोलर खिशात घालून बोहरी आळीत जा, कारण सेक्शन बदलला की रोलर बदलतो. आणि वरच्या मजल्यावरची बाहेर उघडणारी यूपीव्हीसी खिडकी, जिचा फ्रिक्शन स्टे सैल झालाय, ती एकट्याने कधीही उतरवू नका. दोन माणसं नसतील तर ते काम त्या दिवशी करायचं नाही. खाली माणसं चालत असतात.

घरात वयस्कर माणूस दिसलं की दोन गोष्टी सुचवा. गोल नॉबच्या जागी लिव्हर हँडल, म्हणजे दुखऱ्या बोटांनी पिळावं लागत नाही. आणि बाथरूमला आतल्या टॉवर बोल्टऐवजी बाहेरून नाण्याने उघडता येणारं लॉक. हा खरा अपग्रेड. काकूंच्या प्रसंगानंतर मी हे प्रत्येक घरात विचारतो.

किल्ल्यांबाबत तडजोड नाही. नवीन कुलपाचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडा, किल्ल्या मोजून त्यांच्या हातात द्या, बिलावर आकडा लिहून सही घ्या. बंद दार उघडून द्यायला कोणी बोलावलं तर ओळखपत्र आणि सोसायटीचा माणूस समोर असल्याशिवाय हात लावू नका.

भांडवलाचं विचाराल तर, केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार आहे आणि कुलूप बनवणारा कारागीरही आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजाने. अटी नीट वाचा, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

त्या सुताराचं काय झालं? त्याने एका सोसायटीत नोटीस लावली : शनिवारी येतोय, आधी नावं द्या. एकाच इमारतीत चार कामं, त्यामुळे पेट्रोल एकदाच. संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, एका आजींच्या घरी काहीच बिघडलेलं नव्हतं. किल्ली साफ केली, पावडर टाकली, दहा मिनिटं. अडीचशे कसे घेऊ?"

"कुलूप बदललं असतंस तर किती झाले असते?"

"अडीच हजार तरी."

"मग घे."

त्याने दीडशे घेतले. आजींनी वर डब्यात थालीपीठ दिलं. पुढच्या शनिवारसाठी त्याच जिन्यातली तीन नावं त्याच्या वहीत लागली आहेत.