सेकंदाला पाच ठोके

मामा श्रीपूरच्या साखर कारखान्यात फिटर होते. पहाटे चारच्या पाळीला निघताना ते अंधारातच घड्याळ कानाला लावत, मग चावी देत. चावी जड लागली की बोटं आपोआप थांबायची. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये उभी केली, आणि तिनं काढलेला हा कारखाना माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या जवळ. गळीत हंगामात इथला सगळा दिवस भोंग्यावर आणि पाळ्यांवर चालतो. मामांचं घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा भुगा, मळीचा वास, ग्रीसचे हात, असल्या संसारात त्यानं तीसेक हंगाम काढले.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलानं नवं घड्याळ घेतलं. नवं म्हणजे १९६०च्या दशकातल्या घड्याळांच्या धाटणीवर आज बनवलेलं. शौकीन मंडळी अशा घड्याळाला ‘होमेज’ म्हणतात, म्हणजे जुन्याला केलेला नमस्कार. मामांच्या ओट्यावर आम्ही दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली, भिंग काढलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो. जुनं वाटणं आणि जुन्यासारखं दिसणं यात किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मुलाच्या घड्याळाचा आकार बरोबर होता. ३६ मिलिमीटर. त्या काळी पुरुषांची घड्याळं साधारण ३३ ते ३६ मिलिमीटरचीच असत, कारण आतलं चावीचं मशीन लहान आणि चपटं, आणि घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली सरकलं पाहिजे. हल्ली ४२ मिलिमीटरच्या डब्यात जुन्या धाटणीची तबकडी बसवतात आणि तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात. मनगटावर ते ताटलीसारखं बसतं. आकार चुकला की पुढचं सगळं फुकट, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काच. मामा म्हणाले, “आडवं धरून बघ.” जनताची काच अ‍ॅक्रिलिकची, मधे फुगीर. घड्याळ कलतं केलं की कडेचे आकडे लांबतात, पाण्यात बघितल्यासारखे वाकतात. ही काही शोभेसाठी केलेली गोष्ट नाही. एकावर एक बसलेल्या तीन काट्यांना वर जागा लागते म्हणून काच फुगवलेली, आणि अ‍ॅक्रिलिक अशासाठी की पाना निसटून बसला तरी तिला ओरखडा पडेल, पण तिचे तुकडे होऊन तबकडीवर सांडणार नाहीत. ओरखडे मामा टूथपेस्टनं घासून काढायचे. नव्या घड्याळाला सफायरची फुगीर काच आहे. तिच्यावर सहजी चरा उठत नाही, पण कडेला दुधाळ कडं दिसतं आणि उजेड तिच्यावरून गार परततो. सफायर वाईट नाही. तरी जुन्याचा भास हवा असेल तर स्वस्तातली अ‍ॅक्रिलिकच खरी, आणि ती लावायला कारखानदाराच्या अंगी धाडस लागतं.

भिंगातून काटे बघताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. चांगल्या जुन्या घड्याळात मिनिटकाट्याचं टोक किंचित खाली वळवलेलं असतं, तबकडीच्या उतारावर टेकल्यासारखं. त्यामुळे तिरकं बघितलं तरी मिनिट चुकत नाही. शिवाय काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलेला असतो. मुलाच्या घड्याळात तो रेघांच्या जवळजवळ एक मिलिमीटर अलीकडेच थांबला होता. उघड्या डोळ्यांना हे जाणवेलच असं नाही, पण काहीतरी कमी आहे असं मन सांगत राहतं. तयार मिळाला तो काटा उचलून लावला की असं होतं.

अक्षरांचंही तसंच. पूर्वी तबकडीवरचा मजकूर कुणीतरी हातानं काढायचा, तो धातूच्या पाटीवर कोरला जायचा आणि मऊ गादीनं शाई उचलून तबकडीवर ठेवली जायची. त्यामुळे चारचा आकडा थोडा उघडा, सहाची शेपटी जरा लांब, अशी त्या माणसाची लकब उतरायची. संगणकातला तयार टंक तबकडीवर आला की ही लकब जाते. एचएमटीनं देवनागरी आकड्यांचीही घड्याळं काढली होती. देवनागरीत काम आणखी अवघड, कारण १ सडपातळ, तर १०, ११, १२ रुंद. सगळे एकाच मापात बसवले तर तबकडी डावीकडे वरच्या बाजूला जड होते. जो हातानं आखतो तो १० थोडा आवळतो, १ला थोडी जागा देतो. आज कुणी मराठी माणसानं मराठी वळणाच्या आकड्यांचं होमेज करायला घेतलं, तर त्यानं आधी एखाद्या चांगल्या अक्षरकाराकडे जावं.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. जुन्या घड्याळांत अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असे. रेडियमच्या किरणांनी सोबतचं झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होई, चमक विझे आणि रंग तपकिरी पडे. पुढे ट्रिटियम आलं, तेही कालांतरानं पिवळटलं. हा पिवळेपणा त्या घड्याळांनी वर्षं काढून मिळवलेला आहे. आता नव्या, झगझगीत रंगात मुद्दाम साईची छटा मिसळतात. न जगलेलं वय अंगाला फासायचं, हे मला पटत नाही. नवा रंग पांढरा असू द्यावा. म्हातारं व्हायला त्याला वेळ द्यावा.

याचंच टोक म्हणजे जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ते घड्याळ. मशीन खरंच जुनं, पण तबकडी नव्यानं रंगवलेली, काटे भलत्याचे, डबा इतका घासलेला की कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. मुंबईला घड्याळांची मोठी परंपरा आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लला १७३७ मध्ये सुरू झालेली फाव्र-ल्यूबा १८६५ पासून भारतात व्यापार करत होती, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईत होती. ती घड्याळं दुरुस्त करणारे कसबी हातही इथेच तयार झाले, आणि तबकडी रंगवण्याची कला त्याच हातांची. ती कला मी कमी लेखत नाही. पण मी स्वतः एका जुन्या बाजारात ‘मूळ तबकडी’ म्हणून घेतलेल्या घड्याळावर कंपनीच्या नावातच एक अक्षर चुकलेलं निघालं. रंगवलेलं आहे एवढं सांगितलं असतं, तरी मी ते आनंदानं घेतलं असतं.

दुपार कलली तेव्हा मामांनी मुलाचं घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. “हे लई घाईत हाय,” म्हणाले. खरंच होतं. जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. नव्यातलं मियोटाचं स्वयंचलित मशीन तासाला २८,८०० देतं, म्हणजे सेकंदाला आठ. पाच ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात, आठांची घरघर होते. गंमत अशी की दोघांचं मूळ गोत्र एकच. हिंदुस्तान मशीन टूल्सनं १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला तो जपानच्या सिटिझनच्या मदतीनं, जनतातलं १७ खड्यांचं मशीन त्यांच्याच आराखड्यावरचं. आणि मियोटा ही सिटिझनच्याच घरची. एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मंजुरी दिली, पण तिचे चुलत नातलग आजच्या होमेज घड्याळांच्या पोटात टिकटिकत आहेत.

मग मामांनी नव्याची चावी बाहेर ओढली. एक टक. आणखी ओढली. दुसरं टक. त्यांनी तबकडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तारीख कुठाय?”

तारीख नव्हतीच. मशीन मात्र तारखेचं होतं. तबकडीला खिडकी न ठेवता तेच आत बसवलेलं, म्हणून तबकडीखाली तारखेची चकती कुणालाही न दिसता फिरत होती आणि चावीला तिच्यासाठी एक रिकामी पायरी होती. बिनतारखेचं वेगळं मशीन मियोटाच बनवते, थोडा खर्च केला असता तर ते बसवता आलं असतं. साठ वर्षं हत्यारं हाताळलेल्या बोटांना ती रिकामी पायरी लगेच लागली. मुलगा जरा हिरमुसला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “घड्याळ चांगलंय बाळा. आकार चांगलाय. काच मी बदलून घेतली असती.”

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. जनता अर्धा मिनिट मागं होतं. मामांनी चावी नखानं बाहेर काढली. एकच टक झालं. काटा पुढे सरकवून त्यांनी चावी आत दाबली आणि घड्याळ मुलाच्या कानाला लावलं.