पान किती पिवळं? फोटोतले आकडे मोजू या

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले दोन-चार अडखळे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

मी आज घरी, रोहण्यात बसून रेकॉर्ड करतोय. मागे कोंबडा ओरडला तर समजून घ्या.

रोहणा म्हणजे वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. आमच्याकडे कपाशी, तूर आणि सोयाबीन. 2023 साली विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता, आठवतं? कित्येकांनी उभ्या पिकात रोटावेटर फिरवला. तेव्हापासून पान जरा पिवळं दिसलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. यंदाही तसंच झालं. सतत पाऊस, वावरात पाणी साचलेलं आणि शेंड्याची पानं पिवळी. काका म्हणाले, "तू त्या कोडिंगचं शिकून राह्यला ना? मग सांग बरं, हे वाढून राह्यलं का थांबलं?"

प्रश्न साधा वाटतो, पण डोळ्याला हे सांगता येत नाही. कालचं पान किती पिवळं होतं, ते कोणाला नेमकं आठवतं? पण कालचा फोटो असला, तर मोजता येतं.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 रांगा-ओळींत 3000 असा असतो, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा 0 ते 255. बस, एवढंच. आता गंमत बघा, यात पिवळा कुठेच नाही! स्क्रीनवर लाल आणि हिरवा दोन्ही जोरात आणि निळा कमी असला, की आपल्याला पिवळं दिसतं. मला हे कळलं तेव्हा मी भिंग घेऊन टीव्हीच्या स्क्रीनला नाक लावून बसलो होतो.

हे काही आजचं नाही. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घेतला. तो होता 176 गुणिले 176, म्हणजे 30,976 ठिपके. त्यांचं यंत्र प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारू शकायचं: काळा की पांढरा? आपणही एकच प्रश्न विचारणार आहोत: हिरवा की पिवळा?

लॅपटॉप लागत नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. तिथे पायथन असतं आणि फोटोसाठीची पिलो नावाची लायब्ररीही असते. कोड कानाने ऐकून डोक्यात बसत नाही, म्हणून मी मराठीत सांगतो. फोटो उघड. तो लहान करून 400 बाय 300 कर. (हे विसरू नका! मी आधी अख्खा फोटो दिला आणि चहा पिऊन आलो, तरी चाक फिरतच होतं.) मग एका लूपमध्ये दुसरा लूप, म्हणजे आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीतले ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आधी विचार: निळा हा हिरव्याच्या 60 टक्क्यांपेक्षा कमी आहे का? नसेल तर तो पान नाही, कागद आहे, सोडून दे. असेल तर पुढचा प्रश्न: लाल हा हिरव्याच्या 90 टक्के किंवा जास्त आहे का? हो असेल तर पिवळा, नाही तर हिरवा. दोन्ही मोजत जा, शेवटी टक्के काढ. ही 60 आणि 90 ची हद्द मी माझ्या फोटोंवर करून-बघून ठरवलीय. तुमच्या पानांना बदलावी लागेल.

कागद कुठून आला? पान तोडून पांढऱ्या कोऱ्या कागदावर ठेवायचं, मग फोटो. वावरात तसाच काढला तर माती, काडीकचरा, चप्पल, सगळं मोजलं जातं.

आता माझी फजिती ऐका. सकाळी दहा पानं मोजली, 22 टक्के पिवळं. संध्याकाळी तीच पानं घरात बल्बखाली मोजली तर 41! मी काकांना सांगून मोकळा झालो, "काका, दुप्पट झालं." ते गप्पच बसले. मग म्हणाले, "मंग उद्या ट्रॅक्टरवाल्याले फोन करतो."

रात्री मला झोप नाही. तोडलेली पानं आठ तासांत एवढी पिवळी कशी होतील? फोटो परत उघडले आणि पानाऐवजी कागदाचे आकडे बघितले. सकाळी तिन्ही जवळपास सारखे होते. संध्याकाळी लाल 240, हिरवा 225, निळा 190. कागद तोच होता, रंगला होता तो उजेडामुळे.

उपाय मात्र दोन ओळींचा निघाला. कागद पांढराच आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तिन्ही आकडे 240 व्हायलाच हवेत. मग फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा हिरवा 240 भागिले 225 ने गुणा आणि निळा 240 भागिले 190 ने. एका ठिपक्यात लाल 100 आणि हिरवा 105 होता, म्हणजे पिवळ्यात जमा. दुरुस्तीनंतर हिरवा 112 झाला, लाल त्याच्या 90 टक्क्यांच्या खाली गेला आणि ठिपका हिरव्यात. सगळं परत मोजलं: सकाळ 22, संध्याकाळ 24. पहाटे पाचला काकांना उठवलं. शिव्या खाल्ल्या, पण फोन थांबला.

एक लक्षात ठेवा, मोबाइल आपल्या हातात फोटो देतो तो आधीच बदललेला असतो. उजेड, रंग, कडा, सगळं तो आपल्या मनाने सुधारून देतो. म्हणून पांढरा कागद प्रत्येक फोटोत हवाच.

पुढे दर तिसऱ्या दिवशी शेंड्याची नवीन पानं मोजली. पाऊस थांबला, वाफसा आला आणि टक्के खाली येत 9 वर आले. पाणी साचलं की मुळांना लोह घेता येत नाही, पान पिवळं पडतं, पण शिरा हिरव्या राहतात. जमीन सुकली की नवं पान हिरवं येतं. नाल्याकडच्या कोपऱ्यात मात्र आकडा हलेना. तिथे पानांवर वेडेवाकडे पिवळे चट्टे होते. कृषी सहायकांना दाखवलं तर ते म्हणाले, हा मोझॅकच. तो व्हायरस पांढरी माशी पसरवते आणि झाड बरं करणारी फवारणी नाही. तेवढी झाडं उपटून गाडली, पिवळे चिकट सापळे लावले. म्हणजे माझ्या प्रोग्रामने रोग ओळखला नाही, हे मान्य. त्याने फक्त कुठे बघायचं ते दाखवलं.

हे सगळं बघून एका मित्राने विचारलं, "उलटं करता येते का? हिरवं पान पिवळं?" येतं की. लाल आकड्यात 60 मिळवा, एका ओळीत वावर आजारी. तो हसत म्हणाला, मग विम्याला पाठवू. मी त्याला करून दाखवलं आणि तिथेच डिलीट केलं. ई-पीक पाहणीलाही पिकाचा फोटो जोडावा लागतो, आणि उद्या खरंच नुकसान झालं तर आपल्या फोटोवर कोणी विश्वास ठेवायला नको का? आणि मोजणीसाठी केलेला बदलही वेगळ्या नावाने सेव्ह करा. मूळ फाइलवर परत लिहिलं की मूळ गेलं. माझे पहिल्या दिवशीचे चार फोटो असेच गेलेत.

तुमच्याकडे सोयाबीन नसेल तर संत्र्याचं पान घ्या, कढीपत्ता घ्या. सकाळी एकदा आणि बल्बखाली एकदा मोजा, आणि दोन्ही आकडे व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात कपाशीच्या फोटोतली फुटलेली बोंडं मोजायची आहेत. तिथे पांढरा कागद आणि पांढरा कापूस यांचं भांडण आहे, ते मला अजून सुटलेलं नाही.