कन्सल्टिंगमध्ये शिरायचं आहे? पहिला ईमेल असा लिहा

कॅम्पसबाहेरची वाट

मॅनेजमेंट कन्सल्टिंग हा कंपन्यांना, बँकांना आणि कधी सरकारलाही त्यांच्या अडचणींवर सल्ला देण्याचा व्यवसाय. त्यातल्या तीन फर्म्सची नावं प्रत्येक इच्छुकाच्या तोंडी असतात: १९२६ साली सुरू झालेली मॅकिन्झी, १९६३ची बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ची बेन. डिलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार मोठ्या ऑडिट फर्म्सचे सल्ला विभागही मोठे आहेत. औषध कंपन्यांसाठी काम करणाऱ्या झेडएस असोसिएट्सचं तर पुण्यातच मोठं कार्यालय आहे.

भारतात या फर्म्स नवी माणसं घेतात ती मुख्यतः ठरावीक संस्थांमधून. जुन्या आयआयएम, काही आयआयटी आणि मोजकी कॉलेजं एवढ्यांच्या कॅम्पसवर त्या दरवर्षी हजेरी लावतात. सांगली, नांदेड किंवा अमरावतीत शिकणाऱ्या मुलीला त्या तिथे दिसतही नाहीत. तिला वेबसाइटवरून अर्ज करता येतो, पण तिथे अर्जांचा ढीग असतो आणि चाळणी पहिल्यांदा लागते ती कॉलेजच्या नावाला. अशा वेळी फर्ममधल्या कुणी 'हिचा अर्ज एकदा बघा' असं भरतीच्या टीमला कळवलं, तर तो अर्ज माणसाच्या नजरेखालून जाण्याची शक्यता वाढते. यालाच रेफरल म्हणतात.

आपल्याकडे बऱ्याच घरांत ओळख काढून नोकरी मिळवणं कमीपणाचं मानतात. त्या संस्काराबद्दल मला आदर आहे, पण इथे तो आड येऊ देऊ नये. रेफरलने नोकरी मिळत नाही. पुढची चाचणी आणि मुलाखतींच्या फेऱ्या कॅम्पसवरून आलेल्यांना जितक्या कठीण, तितक्याच रेफरलवाल्यांनाही. मिळते ती फक्त परीक्षेला बसण्याची संधी, आणि ज्या मुलांच्या घरात किंवा कॉलेजात या धंद्यातलं कुणीच नाही, त्यांनी ती मागितली नाही तर ती आपोआप चालत येणार नाही.

दूरच्या ओळखीच कामाला येतात

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारलं होतं, की ज्याच्यामुळे नोकरी लागली तो माणूस तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के जणांना मदत झाली ती नेहमी भेटणाऱ्याची. ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याची, आणि २७.८ टक्क्यांना वर्षातून एखादवेळीच किंवा त्याहूनही क्वचित दिसणाऱ्याची. १९७३ साली त्यांनी हे निष्कर्ष एका निबंधात प्रसिद्ध केले. दूरच्या ओळखी कामाला येण्याचं कारण साधं आहे. आपले जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना ठाऊक असलेलं बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून.

पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला. दूरच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात, हे त्यातही दिसलं. पण एक बारकावाही होता. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम दूरच्या ओळखी. अगदीच नावापुरत्या ओळखी तितक्या नाहीत. ईमेल लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पूर्ण परक्या माणसाशी काहीतरी समान धागा सापडला, की तो परका राहत नाही.

कुणाला लिहायचं

पहिला मान आपल्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा. कॉलेजचं नाव आणि फर्मचं नाव टाकून लिंक्डइनवर शोधलं, की लहान कॉलेजांतूनही दोन-चार नावं निघतात. थेट आलेली नसली, तरी आधी दुसरीकडे नोकरी केलेली किंवा नंतर एमबीए केलेली. किंबहुना असेच लोक जास्त उपयोगाचे, कारण वाट आडवळणाची कशी असते हे त्यांनी स्वतः चालून पाहिलेलं असतं. त्यानंतर आपल्या आधीच्या नोकरीतले सहकारी, आपल्याच शाखेतून या धंद्यात गेलेले, आपल्या गावचे. परदेशात शिकणाऱ्यांना तिथलं महाराष्ट्र मंडळ हाही धागा आहे; लंडनचं मंडळ तर १९३२ पासून चालू आहे.

पार्टनरला लिहिण्याचा मोह टाळा. त्याचा दिवस ग्राहकांनी भरलेला असतो आणि नव्यांच्या भरतीचे तपशील त्याला आठवतीलच असं नाही. दोन ते पाच वर्षं अनुभव असलेला माणूस उत्तम. त्याने मुलाखत नुकतीच दिलेली असते, आणि आपल्याला कुणी वाट दाखवली तेही तो विसरलेला नसतो.

एकाच कार्यालयातल्या दहा जणांना एकाच दिवशी एकच मजकूर पाठवू नका. ते एकमेकांच्या शेजारी बसतात, जेवताना बोलतात.

मेल कसा असावा

बार्बरा मिंटो १९६३ साली मॅकिन्झीत आल्या. पुढे तिथल्या सल्लागारांना अहवाल लिहायला शिकवता शिकवता त्यांनी मांडणीची एक पद्धत बसवली, ती आज 'पिरॅमिड प्रिन्सिपल' म्हणून जगभर शिकवली जाते. आधी उत्तर सांगा, मग त्याची कारणं, मग कारणांना आधार देणारे तपशील. वाचणाऱ्याला वेळ नाही असं धरून चाला. कन्सल्टिंगमध्ये सगळं लेखन याच शिस्तीत चालतं, म्हणून तुमचा ईमेल हा तुमच्या कामाचा पहिला नमुना ठरतो. चार परिच्छेद घरची ओळख, बालपणापासूनची जिद्द आणि शेवटच्या ओळीत विनंती, असा मेल वाचणारा मनात नोंद करतो की या मुलाला मुद्दा मांडता येत नाही.

समजा, सांगलीच्या वालचंद कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी मेल लिहितो आहे. मेल इंग्रजीतच जाईल. आशय असा असावा:

'नमस्कार. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्हीही आमच्याच कॉलेजचे आणि कारखान्यातल्या नोकरीतून कन्सल्टिंगमध्ये गेलात, असं लिंक्डइनवर पाहिलं. मलाही त्याच वाटेने जायचं आहे. पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? गेल्या गळीत हंगामात मी एका साखर कारखान्यात इंटर्नशिप केली. उसाच्या गाड्या गव्हाणीपर्यंत पोचायला वेळ का लागतो, याच्या नोंदी घेऊन गाड्यांच्या पाळ्या बदलून पाहिल्या. असा कारखान्यातला अनुभव पहिल्या दोन वर्षांत कितपत उपयोगी पडतो, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी, तुम्हाला सोयीची कुठलीही वेळ मला चालेल. बोलणं जमत नसेल तर मेलवर दोन ओळींचं उत्तरही खूप आहे.'

यात नोकरी मागितलेली नाही, रेफरलही नाही. मागितली आहेत वीस मिनिटं, आणि तीही मेलच्या पहिल्या अर्ध्या भागात. प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर फर्मच्या वेबसाइटवर मिळणार नाही. कारखान्यातून कन्सल्टिंगमध्ये गेलेला माणूसच ते देऊ शकेल. 'मी मेहनती आहे' असं न म्हणता एक काम सांगितलं आहे, आणि ते वाचून समोरच्याला दोन प्रश्न विचारावेसे वाटतील. मला विचाराल तर या मेलमधलं सगळ्यांत मोलाचं वाक्य गव्हाणीचं आहे. गुण आणि प्रमाणपत्रं हजारोंकडे असतात. हंगामात कारखान्याच्या आवारात उभं राहून गाड्यांच्या वेळा टिपणारी मुलं थोडीच. आपल्या भागातलं, आपल्या हातचं असं काम मेलमध्ये आणायला ग्रामीण भागातली मुलं लाजतात, त्याचं मला वाईट वाटतं. सल्लागाराला हवी असते ती हीच नजर.

विषयाच्या ओळीत कॉलेजचं नाव आणि विनंती, दोन्ही यावीत: 'वालचंदचा विद्यार्थी, कन्सल्टिंगबद्दल वीस मिनिटं'. नुसतं 'विनंती' किंवा 'मार्गदर्शन हवे' लिहिलं तर मेल उघडलाच जाणार नाही. सीव्ही पहिल्या मेलला जोडू नये असं माझं मत आहे. जोडला की ते नोकरीचं मागणं होतं आणि समोरचा सावध होतो. खाली लिंक्डइनचा दुवा पुरे.

संबोधनावरून पुष्कळ मुलं अडतात. या फर्म्समध्ये कालचा नवखाही पार्टनरला पहिल्या नावाने हाक मारतो, म्हणून इंग्रजी मेलमध्ये 'हाय' आणि पहिलं नाव यात उर्मटपणा नाही. हात धजत नसेल तर 'डिअर मिस्टर' किंवा 'डिअर मिस' आणि आडनाव. 'रिस्पेक्टेड सर' मात्र सरकारी अर्जात शोभतं, इथे नाही. नावाचं स्पेलिंग दोनदा तपासा. जुन्या मजकुरात दुसऱ्या फर्मचं नाव राहून गेलेला मेल उत्तराविना पडून राहतो.

मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घेणारे आता बरेच आहेत, आणि ते मेल ओळखू येतात, कारण सगळेच 'तुमच्या प्रेरणादायी प्रवासाने' भारावलेले असतात. इंग्रजी तपासून घ्यायला त्याची मदत घ्या. पण काय सांगायचं, ते तुमचं असू द्या.

उत्तर आलं नाही तर

बहुतेक मेलना उत्तर येणार नाही, हे आधीच धरून चालावं. बरेच सल्लागार आठवड्यातले पहिले दिवस ग्राहकाच्या गावी काढतात, रात्री उशिरापर्यंत सादरीकरणं करतात, आणि अनोळखी मेल खाली सरकत जातात. आठवडा-दहा दिवसांनी त्याच मेलला उत्तर म्हणून एक स्मरण पाठवा: दोन वाक्यांचं, तक्रारीचा सूर नसलेलं. त्यालाही उत्तर नाही, तर पुढचं नाव घ्या. तिसरा मेल नको.

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये नाव, धागा, पाठवल्याची तारीख, काय बोलणं झालं, हे टिपत जा. महिन्याभराने कोण काय म्हणालं ते आठवत नाही, आणि तेच पुढच्या मेलला लागतं.

वीस मिनिटांचा फोन

होकार आला की खरं काम सुरू होतं. वेळ ठरवल्यावर कॅलेंडरचं आमंत्रण तुम्हीच पाठवा. समोरचा माणूस कोणत्या क्षेत्रात काम करतो ते वाचून ठेवा. फोनवर आधी दोन वाक्यांत स्वतःची ओळख, मग प्रश्न. पहिल्या सहा महिन्यांत काय जड गेलं? कोणता निर्णय आता वेगळा घेतला असता? माझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या माणसात मुलाखत घेणाऱ्यांना कोणती उणीव दिसेल? शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण सगळ्यांत कामाचं उत्तर त्यालाच मिळतं.

ग्राहक कंपन्यांची नावं विचारू नका. गोपनीयतेचा करार असतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो या धंद्यात कच्चा ठरतो. पगाराचंही पहिल्या फोनवर नको.

वीस मिनिटं झाली की तुम्हीच थांबा. फोन ठेवण्यापूर्वी एवढं विचारा: 'आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?' साखळी इथून वाढते. त्यांनी एखादं नाव दिलं, तर पुढच्या मेलच्या पहिल्याच ओळीत समान धागा आयता मिळतो. त्याच दिवशी आभाराचा छोटा मेल पाठवा आणि त्यांनी सांगितलेली एखादी नेमकी गोष्ट त्यात लिहा. त्यांनी एखादं पुस्तक सुचवलं असेल, तर ते वाचून महिन्याभराने कळवा. ओळख टिकते ती अशाने.

रेफरल कधी मागावा

दोन-तीनदा बोलणं झाल्यावर, नेमकी जागा निघाल्यावर आणि स्वतःची तयारी झाल्यावर. यातली शेवटची अट मुलं विसरतात. केस इंटरव्ह्यूत समोरचा एक धंद्याचा पेच टाकतो: दुधाची कंपनी आहे, विक्री वाढतेय, नफा घटतोय, का? किंवा पुण्यात रोज किती दूध विकलं जात असेल याचा अंदाज तोंडी, पायऱ्या दाखवत काढायला सांगतो. हे सरावाशिवाय जमत नाही. मोठ्या फर्म्सच्या वेबसाइटवर सरावाच्या केसेस फुकट मिळतात. एखादी मैत्रीण समोर बसवून त्या मोठ्याने सोडवाव्या लागतात. मुलाखतीत एकदा नापास झालात, की बऱ्याच फर्म्समध्ये पुन्हा अर्ज करायला मोठी मुदत थांबावं लागतं, कित्येकदा वर्षाहूनही जास्त. घाईने मागितलेला रेफरल म्हणूनच महागात पडतो.

मागताना समोरच्याचं काम सोपं करा. जागेचा दुवा, एका पानाचा सीव्ही आणि भरतीच्या टीमला पुढे पाठवता येतील अशी तुमच्याबद्दलची तीन वाक्यं एकाच मेलमध्ये द्या. 'तुम्हाला योग्य वाटत असेल तरच' असंही लिहा, म्हणजे नाही म्हणायला त्यांना संकोच होणार नाही. वेबसाइटवरचा अर्ज भरायचा आधी की रेफरलनंतर, हे त्यांनाच विचारा, कारण प्रत्येक फर्मची पद्धत वेगळी असते. रेफरलसाठी किंवा मुलाखतीसाठी कुणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे, तिथेच थांबा.

निकाल लागला की ज्यांनी नाव पुढे पाठवलं त्यांना त्याच दिवशी कळवा, नकार आला तरी. कोणत्या फेरीत आणि कशात अडलात तेही लिहा. पुढच्या अर्जापर्यंत कशाचा सराव करायचा, हे बऱ्याचदा तेच सांगतात.