गोंगाटाचं वजन

पंखा गप्प कसा बसेल, यासाठी इंजिनिअर डोकं खाजवत असतात. पण एक पंखा मुद्दाम बोंबलावा म्हणूनच बनवतात. तो कुणाला वारा घालत नाही. ठरल्याइतका आवाज करायचा, आज जेवढा तेवढाच पुढच्या वर्षीही, एवढंच त्याचं काम. नाव संदर्भ ध्वनिस्रोत. मी त्याला गोंगाटाचं वजन म्हणेन, भाजीवाल्याच्या तराजूतल्या किलोसारखं.

हे वजन लागतं कशाला? मिक्सर घ्या. फरशी आणि स्टीलच्या डब्यांनी भरलेल्या स्वयंपाकघरात तो कान किटवतो. गच्चीवर नेऊन लावा, बराच निवळतो. मिक्सर तोच, फरक भिंतींचा. ध्वनिमापकाला कळतो तो त्याच्यापर्यंत पोचलेला आवाज. त्यात यंत्राचा वाटा किती आणि खोलीचा किती, ते त्याला सांगता येत नाही.

मग यंत्र चालू करून ठरावीक जागांवर आवाज मोजायचा. यंत्र हलवून तिथेच पंखा ठेवायचा आणि त्याच जागांवर पुन्हा मोजायचं. समजा यंत्राचे सरासरी 78 डेसिबल भरले, पंख्याचे 74. पंख्याची ध्वनिशक्ती, म्हणजे खोली कुठलीही असो, तो स्वतः बाहेर टाकतो तो आवाज, प्रमाणपत्रावर आहे 90. म्हणजे यंत्राची 94. खोलीनं दोघांनाही सारखंच फुगवलं होतं. वजाबाकीत खोलीच उडाली! (खोली खर्ज एका तऱ्हेनं परतवते, टीप दुसऱ्या, म्हणून काटेकोर मोजणीत हे गणित सुरांच्या पट्ट्या पाडून करतात.) जागचा न हलणारा कॉम्प्रेसर असेल, तर पंखा त्याच्या डोक्यावर किंवा शेजारी बसवतात.

आणि 90 डेसिबल ध्वनिशक्ती म्हणजे किती? अवघा एक मिलिवॅट. मोबाइलच्या साध्या 5 वॅटच्या चार्जरचा पाच हजारावा भाग. तेवढ्यात शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो!

स्पीकर सोडून पंखाच का? घुसळलेल्या हवेत खर्जापासून टिपेपर्यंत सगळंच एकदम खळखळतं. पण पंख्याचा वेग सांभाळावा लागतो. फेरे दहा टक्क्यांनी घटले की आवाज दोनेक डेसिबलनं पडतो. आपल्याकडच्या विजेचा लहरीपणा इथे चालत नाही. वजनाचंही वजन करावं लागतं, त्याचे नियम आयएसओ 6926 या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत: प्रतिध्वनी गिळणाऱ्या खोलीत, पंख्याभोवतीच्या काल्पनिक अर्धगोलावर मायक्रोफोन लावून.

खोलीचा हा हस्तक्षेप आकड्यांत पकडला तो भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राही. ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच घेऊन सॅबिन रात्री-अपरात्री तिथे बसत. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून रचत, घुमणं किती आटलं ते मोजत. त्यांनी आवाज तोच ठेवून खोली बदलली. पंखेवाले खोली तीच ठेवून आवाज बदलतात.

यापुढे एसीच्या किंवा जनरेटरच्या माहितीपत्रकावर नुसतेच ‘55 डेसिबल’ दिसले, तर दुकानदाराला विचारा: ही यंत्राची ध्वनिशक्ती आहे की ऐकू येणारा आवाज? आणि ऐकू येणारा असेल, तर किती अंतरावरून?